रिकाम्या खुर्चीचे पैसे

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने इतके आहेत की नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही पानठेलेवाला आधी "कोण भरती आहे?" असं विचारतो. अशा वस्तीत इंदुताईंनी एकतीस वर्षं मेस चालवली, आणि एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्यांच्या ताटाचा खरा भाव कळला नाही.

भिंतीवर पाटी होती. पाटीवर भावही होता. पण तो लागू होता फक्त टाय लावून येणाऱ्यांना, म्हणजे औषधकंपन्यांच्या माणसांना. त्यांचे पैसे कंपनी देते, तर कंपनीची कणव आपण कशाला करायची, असं इंदुताईंचं मत होतं. शिकाऊ डॉक्टरांना त्याहून कमी, कारण त्या पोरांना घास तोंडात असताना झोप लागते. आणि पेशंटच्या नातेवाइकांना निम्मा. नातेवाईक ओळखायचा कसा, हे इंदुताईंना कुणी शिकवलं नव्हतं. हातात थर्मास, खांद्यावर एक्स-रेची पिशवी, आणि एका पायात स्वतःची चप्पल नि दुसऱ्या पायात आयसीयूच्या दाराबाहेरून चुकून आलेली दुसऱ्या कुणाची. असा माणूस दारात दिसला की त्या आतून ओरडत, "रुख्मिणी, एक ताट लाव वं, पोळ्या गरम दे." भाव त्या आवाजातच ठरलेला असे.

ज्या दिवशी पेशंटला सुट्टी होई, त्या दिवशीचं ताट वेगळं. त्यात शिरा असे, आणि त्याचे पैसे सांगायचे नसत. माणूस खुशीने जे देईल ते एका ॲल्युमिनियमच्या डब्यात जाई. तो डबा गल्ल्याचा नव्हता, स्वयंपाकघराचा होता. पोळ्या लाटणारी रुख्मिणी आणि भांड्यांवर असणाऱ्या बाया महिन्याच्या शेवटी तो आपसांत वाटून घेत. इंदुताईंनी त्या डब्याला कधी हात लावला नाही. आणि ज्यांचा पेशंट घरी गेलाच नाही, त्यांच्याकडून त्या दिवशी कुणी काही घेत नसे. त्याची पाटी लावायची गरज पडली नाही.

गल्ल्यावर संध्याकाळी त्यांचे यजमान आनंदराव बसत. दिवसभर पोस्टात पत्रांची छाननी करून आलेला माणूस, तो इथे नोटांची छाननी करी. कुणी खुशीचे पैसे डब्यात टाकू लागला की आनंदराव मुद्दाम खिडकीबाहेर बघत. किती टाकले हे दिसलं तर देणाऱ्याला संकोच वाटतो, हे त्यांचं म्हणणं. बाकी फारसं म्हणणं त्यांना नव्हतंच. रोज पहिलं ताट त्यांचं, आणि रोजचा अभिप्राय ठरलेला. आधी एक खोट, मग एक पावती. "भाजीत मीठ कमी आहे. पण चांगली आहे." पाटवडीच्या रश्शालाही तेच, पोराच्या लग्नालाही तेच. "मांडव लहान आहे. पण चांगलं झालं."

या माणसाला आयुष्यात एकच हौस होती. समुद्राच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, आणि चारी बाजूंनी पाणीच पाणी बघायचं. काठावरचा समुद्र त्यांनी पाहिला होता, पण काठावरून पाहणं म्हणजे ताट दुसऱ्याच्या टेबलावर पाहणं, असं त्यांना वाटे. बंटीच्या ट्रॅव्हल ऑफिसातून त्यांनी क्रूझचं एक रंगीत पत्रक आणून गल्ल्याच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. पत्रकावरचं जहाज ऊन खाऊन खाऊन पिवळं पडलं. चार वर्षांपूर्वी आनंदराव गेले. पुढे इंदुताईंनी मेस रुख्मिणीच्या हवाली केली, तेव्हा काचेखालचं पत्रक तेवढं काढून घरी आणलं.

मग या वर्षी बगिच्यातल्या हास्यक्लबातल्या सहा जोडप्यांनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर जायचं ठरवलं. चार रात्री, लक्षद्वीप, आणि मधला एक अख्खा दिवस नुसता समुद्र. इंदुताई म्हणाल्या, मी पण येते.

बंटीचं ऑफिस मेसच्या वळणावरच होतं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ डोकं घातलं आणि ते वर न काढताच म्हणाला, "काकू, खोलीचे ऐंशी हजार. दोघं गेले तर चाळीस-चाळीस."

"अन् एक गेला तर?"

"तरी ऐंशी."

"काहून?"

"खोली तर एक अडतेच ना काकू. तुमच्या मेसमध्ये एकटा माणूस आला तर टेबल चार खुर्च्यांचंच अडत होतं की नाही?"

"अडत होतं. पण मी कधी रिकाम्या खुर्चीचे पैसे घेतले काय गा?"

बारा वर्षांपूर्वी बंटीचे वडील समोरच्याच दवाखान्यात चाळीस दिवस होते, तेव्हा तोच चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा बसून निम्म्या भावात जेवला होता. तो खाली बघत म्हणाला की माझं कमिशन मी सोडतो. इंदुताईंनी त्याला गप्प केलं. भांडण कंपनीशी आहे, तुझ्या पोटाचं कापून मला समुद्र पाहायचा नाही, असं सांगून त्यांनी ऐंशी हजारांचा चेक फाडला.

घरी मुलगा सौरव मिहानमधल्या नोकरीवरून आला, त्याने हिशेब ऐकला आणि एकदम सोपा उपाय काढला. दुसऱ्या जागेचे पैसे दिलेच आहेत, तर कुणाला तरी सोबत ने. मयुराची आई तयार आहे. सून मयुराने आईला फोन लावायला हातही पुढे केला. इंदुताई म्हणाल्या, नको. ती जागा काही मोकळी नाही. तिचे पैसे भरलेत. सौरव आणि मयुराने एकमेकांकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

पण आत कुठेतरी इंदुताईंना ते दुप्पट भाडं लागलंच. नवरा गेल्यावर रेशनकार्डातून नाव कटलं, बँकेतून कटलं, मतदारयादीतूनही कटलं. कटलं नाही ते एकट्या या जहाजकंपनीच्या भाड्यातून. बाई एकटी राहिली याचा दंड म्हणून चाळीस हजार. त्यांनी मनाशी ठरवलं, चार दिवसांत दुसऱ्या माणसाचं सगळं काही वसूल करायचं. कंपनीने दोन माणसांचे पैसे घेतले ना, मग दोन माणसंच जाणार.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी इंदुताई खोलीत शिरल्या तेव्हा दोन पलंग जोडून एक केलेले होते, आणि त्यावर टॉवेल दुमडून केलेला एक हत्ती बसला होता. खोल्या बघणारा साहिल नावाचा तिशीतला माणूस दारात उभा राहून पाण्याच्या बाटल्या कुठे, दिवा कुठला, हे सांगत होता. गुहागरकडचा, मराठी बोलणारा.

इंदुताईंनी त्याला पलंग वेगळे करायला लावले. त्याने केले. मग त्यांनी दुसऱ्या पलंगाकडे बोट केलं. "याचा हत्ती कुठं आहे?"

साहिलने एकदा पलंगाकडे बघितलं, एकदा हातातल्या यादीकडे. "दुसरे पाहुणे येणार आहेत का मॅडम?"

"पैसे तर घेतले त्यांचे."

साहिलने पुढे काही विचारलं नाही. बाहेरच्या गाडीवरून एक टॉवेल आणला आणि दुसरा हत्ती करून दुसऱ्या पलंगावर बसवला. हा जरा सोंड वर केलेला निघाला.

तिथून वसुली सुरू झाली. सकाळची आंघोळ एका टॉवेलने, संध्याकाळची दुसऱ्याने. रात्रीची झोप खिडकीकडच्या पलंगावर, दुपारची दाराकडच्या. म्हणजे साहिलला दोन्ही पलंग दोन्ही वेळा नव्याने घालावे लागत. साबण दोन, चपला दोन जोड, पाण्याच्या बाटल्या दोनाच्या चार. जेवणाच्या हॉलमध्येही त्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसत आणि समोरची खुर्ची कुणी उचलू लागला की तिच्यावर पर्स ठेवत. साहिल दर वेळी सगळं आणून देई, चेहऱ्यावर एक रेघ हलू न देता. तिसऱ्या वेळेपासून त्याने "मॅडम" सोडून "मावशी" म्हणायला सुरुवात केली. इंदुताईंना वाटलं, कंपनीचा माणूस नरम पडतो आहे, वसुली बरोबर चालली आहे.

हास्यक्लबाचे पुढारी चंपतराव. इतवारीत साड्यांचं दुकान पन्नास वर्षं चालवून नुकतेच मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. बगिच्यात ते हसायला लागले की कबुतरं उडत. दुसऱ्या रात्री जेवताना चंपतरावांनी सहज विषय काढला की कुणी खोलीचे किती दिले, आणि सगळं टेबल नासलं. एकाने चार महिने आधी घेतली म्हणून सत्तरमध्ये मिळाली होती. एकाने जावयाच्या ओळखीने पासष्टमध्ये. एकाला बँकेच्या कार्डावर सूट होती. चंपतरावांनी स्वतः जाऊन, घासाघीस करून, दोन चहा पिऊन, ब्याऐंशी दिले होते. एकाच मजल्यावर, एकाच मापाच्या सहा खोल्या, आणि सहा भाव.

चंपतरावांच्या घशाखाली पोळी उतरेना. ही लूट आहे, ही कोणती रीत झाली, एका मालाचे सहा भाव, असं ते म्हणत राहिले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी दह्याची वाटी खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्या दुकानात एकाच साडीचे सात होते."

चंपतरावांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. पन्नास वर्षं भावाच्या अलीकडच्या बाजूला बसलेला माणूस पहिल्यांदा पलीकडे बसला होता, आणि तिथली खुर्ची त्याला टोचत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. माणशी रोज पाचशे रुपये सेवाशुल्क, म्हणजे चार रात्रींचे दोन हजार, बिलात धरले आहेत. ही खोलीवाल्यांची, वाढप्यांची टिप, असं खाली लिहिलं होतं. चंपतरावांना हवी होती ती फट सापडली. मोबाइलवर वाचून त्यांनी नाश्त्याच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, "हे कटते. काउंटरवर जायचं, फॉर्म भरायचा, 'सेवा समाधानकारक नाही' लिहायचं. कटून जाते. जोडप्यामागं चार हजार. तेवढं तरी निघालं पाहिजे." मग इंदुताईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर सगळ्यात आधी कापा ताई. सगळ्यात जास्त तुम्हाले लुटलं." आणि एक कोरा फॉर्म त्यांच्या हातात दिला.

ते खोटं नव्हतं. इंदुताई फॉर्म घेऊन खोलीकडे आल्या. साहिल दाराकडचा पलंग घालत होता. हत्तींच्या जागी आज दोन बदकं होती. इंदुताई खुर्चीवर टेकल्या आणि सहज, मेसमध्ये रुख्मिणीशी बोलत तशा, विचारत्या झाल्या की बाबा रे, हे सेवाशुल्क तुम्हाला मिळतं तरी का, की कंपनीच खाते.

साहिल म्हणाला, मिळतं. पगार थोडा, घर त्यावरच चालतं. मग उशी थोपटत त्याने रीत सांगितली. टिप खोलीवर नसते, माणसांवर असते. त्याच्याकडे चौदा खोल्या. हास्यक्लबाच्या सात आणि पुढच्या सात.

"म्हणजे अठ्ठावीस माणसं," इंदुताई म्हणाल्या. मेसवालीचं गणित तोंडातच असतं.

"या खेपेला सत्तावीस," साहिल म्हणाला. "तुमच्या खोलीत एकच ना, मावशी."

त्याने ते अगदी पाऊस पडला नाही म्हणतात तसं सांगितलं. तक्रार नव्हती. बदकाची मान जरा वाकडी झाली होती, ती सरळ केली आणि तो गाडी ढकलत पुढच्या खोलीकडे गेला.

इंदुताई बसल्या जागी बसून राहिल्या. समोर दोन पलंग, दोन बदकं, चार बाटल्या. दोन दिवस त्या कंपनीकडून वसूल करत होत्या, आणि कंपनीला त्याचा पत्ताही नव्हता. एकूण एक वसुली झाली होती ती या माणसाच्या दोन हातांतून. कंपनीने भाडं घेताना या खोलीत दोन माणसं मोजली. काम करून घेताना इंदुताईंनीही दोनच मोजली. फक्त त्याला देताना सगळ्यांनी मिळून एक मोजलं. आणि आता त्या एकाचंही कापायचा फॉर्म त्यांच्या मांडीवर होता.

आपण आयुष्यभर भाव कमी-जास्त केले, हे त्यांना आठवलं. कुणाचे निम्मे केले, कुणाचे सोडले. पण जे सोडलं ते गल्ल्यातून सोडलं. रुख्मिणीच्या डब्यातून कधी नाही. इंदुताईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना चहा लागतो. त्या वरच्या डेकवर गेल्या.

आज तो नुसत्या समुद्राचा दिवस होता. चहाच्या टेबलावरून सवयीने त्यांनी दोन कप उचलले आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर पाणी. उजवीकडे पाणी. मागे वळून पाहिलं तर जहाजाच्या पलीकडेही पाणीच. देशाच्या पोटातल्या गावातून निघालेली बाई काठाचा मागमूस नसलेल्या जागी उभी होती आणि हातात दोन कप होते. एक त्यांनी प्यायला. दुसरा निवत निवत गार झाला, तोही प्यायला. चहा टाकायची त्यांच्या घरी रीत नव्हती.

दुपारी काउंटरवर हास्यक्लबाची रांग लागली होती. सर्वांत पुढे चंपतराव, मागे बाकीचे, प्रत्येकाच्या हातात फॉर्म. काउंटरमागे वैभवी नावाची गणवेशातली मुलगी होती. तिने चंपतरावांचा फॉर्म पाहिला आणि अदबीने परत सरकवला.

"सर, कुणाची सेवा समाधानकारक नव्हती, त्यांचं नाव इथे लिहावं लागेल."

चंपतरावांचं पेन वर राहिलं. "नाव कायले पाहिजे?"

"त्यांच्या नोंदीत जातं, सर. पुढचा करार देताना बघतात."

त्याच दिवशी पहाटे चंपतरावांची कवळी बेसिनच्या पाठीमागे पडली होती, आणि साहिल जमिनीवर आडवा होऊन ती काढून, धुऊन, बशीत ठेवून देऊन गेला होता. हे चंपतरावांना आठवलं असणार, कारण त्यांनी नकळत दातांवरून जीभ फिरवली. मागून कुणीतरी म्हणालं, लिहा ना गा लवकर. चंपतराव म्हणाले, लिहून राहिलो ना. पण पेन काही टेकेना.

"चंपतराव, जरा सरका," इंदुताई बाजूने पुढे आल्या. "मले कापायचं नाही, वाढवायचं आहे. माझं लवकर होते."

वैभवीला आधी नीट कळलं नाही. इंदुताईंनी सांगितलं, माझ्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाचं सेवाशुल्क बिलात धरायचं राहिलं आहे, ते धरा. वैभवीने पडद्यावर पाहिलं आणि हसून म्हणाली की मॅडम, चूक नाही, तुमच्या खोलीत एकच पाहुणे आहेत.

"भाडं घेताना किती होते?"

वैभवीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही. "भाडं दोघांचं आहे," ती हळू म्हणाली.

"मंग? तुमच्या कंपनीले दुसरा माणूस दिसला. त्या साहिलनं दोन दिवस त्याचा पलंग घातला, त्याचे टॉवेल धुवाले नेले, त्याच्यासाठी हत्ती केला. फक्त टिप द्यायच्या वेळेस तो माणूस नाही म्हणता. असं कसं जमते बाई?"

वैभवीने जरा विचार करून सांगितलं की जास्तीची रक्कम घेता येते, ती साहिलच्याच खात्यात जाईल. पण टिपेसाठी एक नाव टाकावं लागेल. कुणाचं टाकू?

"आनंदराव," इंदुताई म्हणाल्या. मग, पोस्टातल्या माणसाचं नाव अर्धवट जायला नको म्हणून, पूर्ण नाव, आडनावासकट सांगितलं.

हास्यक्लबात आनंदरावांना सगळेच ओळखत होते. रोज सकाळी शेवटच्या ओळीत उभे राहून ते सगळ्यांच्या मागून, दोन क्षण उशिरा हसत.

इंदुताई पावतीची वाट बघत उभ्या होत्या, ती छापून येईपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून चंपतरावांना म्हणाल्या, "तुमच्या दुकानात गिऱ्हाइकानं भाव पाडला, तर साड्यांच्या घड्या घालणाऱ्याच्या पगारातून कापत होते काय तुम्ही?"

"मी असा बह्याड आहे काय?" चंपतराव दुखावून म्हणाले. "गड्याचं कापलं तर दुसऱ्या दिवशी घड्या कोण घालीन?" आणि आपण काय बोललो हे त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी फॉर्मची चार पदरी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मात्र चंपतराव म्हणजे अगदीच रिकाम्या हाताने परतणारे नव्हेत. त्यांनी वैभवीकडे दुसरा फॉर्म मागितला, तक्रारीचा, थेट कंपनीच्या मालकाच्या नावे, आणि एकाच मापाच्या खोल्यांचे सहा भाव या विषयावर दोन्ही बाजू भरून लिहिलं. सुमतीबाईंनी फक्त एवढंच विचारलं की आपल्या साडीच्या सातव्या भावाचंही लिहिता का. बाकी रांगेतल्या दोघांनी तरी फॉर्म दिलेच, नावानिशी. दोघांनाही त्यानंतर कॉरिडॉरमध्ये साहिल समोरून आला की मोबाइल बघायची निकड लागे. उरलेल्यांनी आपापले फॉर्म कुठेतरी हरवले.

पावती आली. इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक दोन नावं. वर इंदुमती, पाहुणे एक, दोन हजार. खाली आनंदराव, पाहुणे एक, दोन हजार. इंदुताईंनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि पर्समध्ये ठेवली. चार वर्षं त्या जिथे जातील तिथे लोक यादीतून ते नाव खोडत होते. ते पुन्हा लिहून देणारा हा पहिलाच कागद होता, आणि त्यासाठी दोन हजार म्हणजे फुकटच होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी साहिलला सांगितलं की दाराकडच्या पलंगाची चादर बदलू नको, टॉवेलही नको. साहिल म्हणाला, बरं मावशी. पण जेवून त्या परत आल्या तेव्हा खिडकीकडच्या पलंगावर एक हत्ती होता, आणि दाराकडच्या न बदललेल्या चादरीवरही एक. सोंड वर केलेला. काउंटरवरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती की नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी मुंबई दिसू लागली. साहिल सामान न्यायला आला. इंदुताईंनी बॅगेच्या तळातून स्टीलचा एक डबा काढला. नागपूरहून निघताना वाटेसाठी केलेले रव्याचे लाडू, अर्धे संपलेले.

"शिरा द्यायची रीत आहे आमची, सुट्टीच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "इथं कुठं करू? रव्याचंच आहे, गोड मानून घे."

साहिलने दोन्ही हातांनी डबा घेतला. तो उघडून आत बघू लागला तेव्हा इंदुताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ मुंबईकडे बघत राहिल्या. लाडवांखाली एक पाकीट होतं. त्यात किती होते ते आनंदरावांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

नागपूरला आल्यावर चौथ्या दिवशी इंदुताई बंटीच्या ऑफिसात गेल्या. बंटी त्यांना बघून खुर्चीतून अर्धा उठला. इतक्या दिवसांत त्याने त्या ऐंशी हजारांचा बराच धसका घेतला होता.

"काय म्हणता काकू? झाले का वसूल?"

इंदुताईंनी पर्समधून पावती काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. बंटीने ती वाचली. पहिली ओळ भराभर, दुसरी हळू. या आनंदरावांनी चाळीस दिवस त्याच्याकडून अर्ध्या ताटाचे पैसे घेतले होते, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी, वडिलांना सुट्टी झाली त्या दिवशी, तो डब्यात पैसे टाकत असताना खिडकीबाहेर बघितलं होतं. त्याने तेव्हा डब्यात दहा रुपये टाकले होते, कारण खिशात तेवढेच होते.

बाहेर कुणीतरी कुणाला दवाखान्याचा पत्ता विचारत होतं. बंटीने पावती दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

"मग काका काय म्हणत होते, काकू? आवडला का समुद्र त्याइले?"

इंदुताईंनी पावतीची घडी घातली, आणि उत्तर तयारच असल्यासारखं म्हणाल्या, "खारट आहे म्हणे. पण चांगला आहे."